मूळपुरुष कल्याणचा, मग आत्या कुठली?

आमच्या घराण्याचा मूळपुरुष सापडला. सापडला म्हणजे ठरवण्यात आला. आमच्या कुलवृत्तांत समितीच्या (हो, अशी समिती आहे, तिला अध्यक्ष, दोन कार्याध्यक्ष आणि एक खजिनदारही आहे) मसुद्याच्या पहिल्याच पानावर आता असं छापून येणार आहे की आमचे मूळपुरुष बसवेश्वरांच्या अनुभवमंटपातले एक शरण होते, आणि ११६७ च्या सुमारास कल्याणात जो उत्पात झाला त्यानंतर ते धर्म वाचवण्यासाठी इकडे आले. नाव माहीत नाही. पण होते!

या एका वाक्याला माझा विरोध आहे. बैठकीत बोललो तर सगळे "बरं बरं, बघू" म्हणाले आणि चहा आला. म्हणून आता इथे सविस्तर लिहितो. समितीतले निम्मे लोक हे पान वाचतात हे मला ठाऊक आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आम्ही लिंगायत वाणी. (वीरशैव म्हणायचं की लिंगायत, यावर वेगळी भांडणं आहेत, त्यात आज शिरत नाही. एका वेळी एकच भांडण.) मूळ गाव अक्कलकोट तालुक्यातलं. आजोबांपासून पुण्यात. धंदा भुसार मालाची अडत, आधी नाना पेठेत आणि बाजार गुलटेकडीला हलल्यापासून मार्केट यार्डात. ज्वारी, हरभरा, तूर, थोडा गूळ. म्हणजे आमच्या घरात अनुभवमंटप कमी आणि वजनकाटा जास्त.

तर पुरावा काय? पुरावा हेळव्याची वही. ज्यांना हेळवी माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. कर्नाटकाच्या सीमेकडून येणारी ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या गावोगावच्या घराण्यांच्या वंशावळी सांभाळतात. पूर्वी बैलावरून यायची, बैलाच्या गळ्यात घंटा, आणि दारात उभं राहून तुमच्या खापरपणजोबांपासूनची नावं घडाघडा म्हणायची. सुगीनंतर यायचं, धान्य-कपडा-पैसे घ्यायचे, घरात नवीन जन्मलेल्यांची नावं लिहून घ्यायची आणि पुढच्या घराकडे जायचं. हेळव म्हणजे कानडीत पांगळा. त्यांच्यात अशी गोष्ट सांगतात की त्यांच्या पहिल्या पांगळ्या पूर्वजाला बसवेश्वरांनीच बसायला बैल दिला आणि हे काम नेमून दिलं. आमचा हेळवी आता बैलावरून येत नाही, एसटीने स्वारगेटला उतरतो आणि रिक्षाने मार्केट यार्डात गाळ्यावर येतो. लाल फडक्यातली वही मात्र तशीच आहे, आणि ती उघडण्याआधी तो तिला हात जोडतो. मला हा माणूस फार आवडतो. या सगळ्या प्रकरणात खोटं न बोललेला तो एकटाच.

कारण त्याच्या वहीत आमची नऊ पिढ्यांची नावं आहेत. फक्त नऊ. सगळ्यात वरच्या नावाशी इतकंच लिहिलंय की हा माणूस बिदरकडून बैलांवर मीठ घालून आला आणि इथे राहिला. नऊ पिढ्या म्हणजे फार तर अडीचशे वर्षं. पेशवाईचा काळ धरा. मिठाचा व्यापारी. शरण नाही, स्वामी नाही, जंगम नाही.

आता यावरून बाराव्या शतकात उडी कशी मारली? ती अशी. बिदरकडून आला. बसवकल्याण बिदर जिल्ह्यात आहे. म्हणजे कल्याणहून आला. कल्याणहून लिंगायत माणूस येतो म्हणजे शरणांच्या पांगापांगीतच आला असणार. शरण होता म्हणजे अनुभवमंटपात असणारच. झालं! सहाशे वर्षांचा खड्डा तीन "म्हणजे"त बुजवला. आमच्या गाळ्यावर कुणी असा हिशेब रोकडवहीत लिहिला असता तर आजोबांनी दिवाणजीला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

ही कल्पना मूळची न्यू जर्सीहून आली. आमचा दादा (मोठा चुलतभाऊ, वीस वर्षं तिकडे आहे) ज्या कंपनीत आहे तिथल्या त्याच्या साहेबाचं घराणं म्हणे एका प्युरिटन धर्मोपदेशकापासून निघालंय. जॉन लॉथ्रॉप. माणूस खरोखर होऊन गेला. चर्च ऑफ इंग्लंड सोडून स्वतंत्र मंडळी चालवायचा म्हणून १६३२ साली लंडनमध्ये त्याला पकडलं. तो तुरुंगात असताना बायको वारली, आणि देश सोडून जाण्याच्या बोलीवर १६३४ मध्ये सुटका झाली. ग्रिफिन नावाच्या जहाजाने मुलाबाळांसह तो मॅसॅच्युसेट्सला गेला आणि पुढे बार्नस्टेबल गावात १६५३ मध्ये मेला. त्याचे वंशज आज हजारोंनी आहेत. ग्रँट, फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश हे अमेरिकेचे अध्यक्ष त्यात येतात, मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथही येतो. (अमेरिकेतला सगळ्यात बदनाम गद्दार बेनेडिक्ट अरनॉल्ड, तोही त्यातच. पण त्याचं नाव साहेबाने दादाला सांगितलं नव्हतं.)

साहेबाच्या दिवाणखान्यात तो वंशवृक्ष चौकटीत लावलेला पाहून दादाला वाटलं, आपलाही असा हवा. आपल्याकडेही छळ, धर्म, स्थलांतर सगळं आहे की! इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. परदेशात वाढणाऱ्या मुलांना आपण कुठले हे सांगावंसं वाटतं, ते मी समजू शकतो. पण साहेबाकडे प्रत्येक पायरीला चर्चची नोंद आहे, मृत्युपत्र आहे, जमिनीचा कागद आहे. आपल्याकडे मिठाचे बैल आहेत. साहेबाची चौकट आवडली म्हणून त्याचा पूर्वजही उसना घ्यायचा?

बरं, समजा नोंदी मिळाल्या. समजा उद्या ताम्रपट निघाला. तरी काय सिद्ध होतं? प्रत्येकाला आईबाप दोन, आजेआजोबा चार, पुढे आठ. असे दुप्पट करत गेलात तर दहा पिढ्यांमागे १०२४ पूर्वज होतात, वीस पिढ्यांमागे दहा लाखांवर. ११६७ पासून आजपर्यंत धरा तीस पिढ्या. तीस वेळा दुप्पट करा, आकडा येतो १०७ कोटी. त्या वेळी अख्ख्या जगाची लोकसंख्या चाळीस कोटींच्या आतबाहेर होती! म्हणजे तेच ते पूर्वज हजारो वाटांनी पुन्हा पुन्हा येतात. याचा सरळ अर्थ असा की कल्याणात त्या वर्षी जो कोणी होता आणि ज्याचा वंश टिकला, तो आमचा पूर्वज असण्याची शक्यता भरपूर आहे. आणि तो आमच्या गाळ्यासमोर हातगाडी ओढणाऱ्याचाही पूर्वज असण्याची तितकीच आहे. शरणही आमचा आणि शरणांना पळवून लावणारा बिज्जळाचा शिपाईही आमचा. यातून एकच नाव उचलून पहिल्या पानावर टाकायचं, आणि बाकीच्या कोट्यवधींना रजा द्यायची, याला वंशावळ म्हणत नाहीत. याला निवड म्हणतात. मग निवड केली असं छापा ना!

निवडच करायची तर कशी करतात तेही बघा. कल्याणात उत्पात कशावरून झाला? एका लग्नावरून. परंपरा सांगते ती अशी की हरळय्या हा चांभार आणि मधुवरस हा ब्राह्मण. दोघेही शरण झालेले. हरळय्याचा मुलगा आणि मधुवरसाची मुलगी यांचं लग्न शरणांनी लावलं. जात मोडली म्हणून राजाने दोन्ही बापांना हाल करून मारलं, त्यातून दंगा पेटला, बिज्जळाचा खून झाला आणि शरण वाट फुटेल तिकडे गेले. काही चन्नबसवण्णांबरोबर कारवारकडच्या उळवीला गेले, काही आणखी कुठे. आमच्या मसुद्यात या लग्नावर सव्वा पान आहे, आणि ते चांगलं लिहिलंय, हेही सांगतो.

पण आमच्या समाजात कल्याणहून आल्याचं सांगणारी जी घराणी मला आजवर भेटली, त्यातलं एकही हरळय्याचा वंश सांगत नाही. एकही नाही. कुणी बसवेश्वरांच्या कोषागारातल्या कारकुनाचा, कुणी जंगमाचा, कुणी नुसताच "थोर शरण". त्या लग्नातल्या जोडप्याला पोरंबाळं झाली असतील की नाही? त्यांचे वंशज कुठे गेले? कल्याणातून निघालेले सगळेच्या सगळे वाणी आणि स्वामी, चांभार एकही नाही, असं कसं झालं? हरळय्या आणि कक्कय्या यांना आठवणीत ठेवलं ते चर्मकार आणि ढोर समाजाने. धारावीत संत कक्कय्यांच्या नावाचा रस्ता आहे. आमच्यापैकी किती जणांना तो माहीत आहे?

आणि ज्यांच्या नावाने हे सगळं चाललंय त्या बसवेश्वरांनी स्वतःची वंशावळ कशी सांगितली होती? जन्माने ब्राह्मण असलेला हा माणूस आपल्या वचनात मादार चेन्नय्याला बाप म्हणतो, डोहर कक्कय्याला वडीलधारा म्हणतो. चेन्नय्या मांग-चांभारांतला, कक्कय्या ढोर. आपला बाप आपण निवडला असं तो उघड सांगतो, आणि खालचा निवडतो. आमच्या समितीनेही बाप निवडलाच आहे. फक्त वरचा निवडलाय आणि निवडला असं सांगत नाही.

दादा म्हणतो, "अरे, श्रद्धेचा विषय आहे." माझं म्हणणं उलट आहे. श्रद्धेचाच विषय असेल तर रक्ताचा संबंध काय? शरण कुणी जन्माने होत नव्हतं, दीक्षेने होत होतं. पुढे काय झालं ते आपल्याला माहीतच आहे. बाळ जन्मायच्या आधी, आठव्या महिन्यातच त्याच्यासाठी लिंगधारणेचा विधी होऊ लागला, आणि जात मोडायला निघालेल्यांच्यात पंचम, दीक्षावंत, चतुर्थ अशा पोटजाती झाल्या, ज्या परवापरवापर्यंत एकमेकांत सोयरीक करत नव्हत्या. गंमत म्हणजे दादाच्या साहेबाच्या पूर्वजांचंही अगदी हेच झालं. स्वतःला देवाची प्रचीती आली असं मंडळीपुढे उभं राहून सांगेल तोच पुरा सभासद, असा न्यू इंग्लंडातल्या प्युरिटनांचा कडक नियम होता. त्यांच्या पोरांना तशी प्रचीती येईना. मग नातवंडांचं काय करायचं? शेवटी १६६२ साली धर्मोपदेशकांनी बसून ठरवलं की आईबाप पुरे सभासद नसले, नुसते लहानपणी बाप्तिस्मा झालेले आणि नीट वागणारे असले तरी त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा. अर्धा प्रवेश. समुद्र ओलांडून आल्याला पुरती चाळीस वर्षं झाली नव्हती, तेवढ्यात धर्म वारशात आला. बोटीतून उतरलेल्यांनी जे पणाला लावून मिळवलं ते नातवंडांना घरबसल्या. आणि आता त्यांच्या वंशवृक्षाच्या चौकटी. आपल्याकडे काय वेगळं आहे?

असो. इथपर्यंतचं भांडण तात्त्विक होतं. आता खरं भांडण.

मसुद्यात आमच्या शाखेचं पान मी उघडलं. आजोबा. त्यांच्याखाली तीन रेघा, तीन मुलगे, त्यांच्याखाली आम्ही. आणि आजोबांच्या नावापुढे कंसात "दोन कन्या". एवढंच. त्यातली एक कन्या म्हणजे माझी आत्या. वय ८३, बिबवेवाडीला राहते, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून पेपर पुन्हा स्वतः वाचते. तिने मसुदा दोनदा चाळला आणि मला विचारलं, "मी कुठं आहे यात?"

आत्या नवरा गेल्यावर दोन वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी आली. वडील आणि काका तेव्हा शिकत होते, आजोबा दमेकरी. सकाळी आठ ते संध्याकाळी सात गाळ्यावर बसून रोकड, खतावणी, हमाली-तोलाईचा हिशेब, शेतकऱ्याची पट्टी हे सगळं अकरा वर्षं तिने केलं. मार्केट यार्डात तेव्हा अडत्याच्या गादीवर बाई बसलेली दिसणं म्हणजे काय, हे जुन्या माणसांना विचारा. काही शेतकरी म्हणे आधी परत जायचे, मग तिचा हिशेब चोख म्हणून तिच्याचकडे यायला लागले. आजोबा १९८७ मध्ये गेले तेव्हा तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. १९५६ च्या कायद्याने वडिलांच्या हिश्शात तिचा वाटा होताच, कुणी उपकार करणार नव्हतं. तिला साडीचोळी केली आणि ती सही करून आली. गावाकडच्या जमिनीसाठी तलाठ्याकडे जी वंशावळ दिली होती, तिच्यात मात्र तिचं नाव होतं. असावंच लागतं, नाहीतर सोडायला हक्क कुठून येणार? म्हणजे बघा, काढून घ्यायचं होतं तेव्हा ती वंशावळीत होती. आता मिरवायचंय तर ती कंसात.

हे मी बैठकीत विचारलं तेव्हा उत्तर आलं, "मुली सासरच्या कुलवृत्तांतात येतात." येतात का? तिच्या सासरचा कुलवृत्तांत निघालाय, माझ्याकडे आहे. त्यात तिच्या नवऱ्याच्या नावापुढे "विवाहित, एक पुत्र" असं आहे. म्हणजे सासरी ती "विवाहित" या शब्दात आणि माहेरी "दोन" या आकड्यात.

कायदा २००५ मध्ये बदलला, मुलगी जन्मानेच मुलाइतकी हिस्सेदार झाली. बाप तेव्हा हयात होता की नव्हता याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला सांगितलं. कुलवृत्तांत अजून त्याच्या मागेच उभे आहेत, आणि ते निरागसपणे मागे नाहीत. हे पुस्तक पाचशे घरांत जाणार. उद्या वारसनोंदीच्या वेळी कुणीतरी हेच पान पुढे करून म्हणेल, बघा, घराण्यात तीनच वाटे. मुलींना वगळायची सवय आधी कागदावर लागते.

यात हेळव्याला दोष देऊ नका. गेल्या दिवाळीनंतर तो आला तेव्हा मी त्याला विचारलं, तुमच्या वहीत मुलींची नावं का नाहीत? तो म्हणाला, "सांगितली तर लिहितो की मालक. कुणी सांगतच नाही." मी तिथल्या तिथे दोन्ही आत्यांची, माझ्या बहिणीची आणि माझ्या मुलीची नावं सांगितली. त्याने स्पेलिंगसारखं एकेक अक्षर विचारत लिहिली. एक मिनिट लागलं. समितीला अडीच वर्षं पुरली नाहीत.

आजोबांबद्दलही मसुद्यात एक वाक्य आहे, "व्यापारानिमित्त पुण्यास स्थलांतर." आजोबा व्यापारानिमित्त आले नाहीत. दोन वर्षं पाऊस नव्हता, घरात खायला नव्हतं, म्हणून आले. पहिली दोन वर्षं नाना पेठेत पाठीवर पोती वाहिली, क्विंटल-क्विंटलची. अक्षर बरं म्हणून एका अडत्याने उचलून दिवाणजी केलं. हे ते स्वतः सांगायचे, मान खाली न घालता. यार्डातल्या हमालांचा त्यांना जो ओढा होता तो त्यातून आला. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने तोलाई-हमालीसाठी बाजार बंद ठेवला की बाकीचे अडते चरफडायचे, आजोबा गाळा बंद करून घरी येऊन झोपायचे. "त्यांचं बरोबर आहे," एवढंच बोलायचे. हे कुलवृत्तांतात यायला काय हरकत आहे? आमच्या गाळ्यावरचे हमाल बीड, नगर, सोलापूरकडून असेच कोरड्या सालातून आलेले आहेत. त्यातले बरेचसे १९७२ च्या दुष्काळाची पैदास. त्यांच्यात आणि आमच्या मूळपुरुषात फरक एका अक्षराच्या वळणाचा आहे. "व्यापारानिमित्त" लिहिलं की तो फरक आठशे वर्षांचा होतो.

तर दादा, आणि समितीतले काका लोक, माझं म्हणणं असं. पहिल्या पानावर मिठाचा व्यापारी ठेवा. बिदरकडून बैलांवर मीठ घालून आला, पुढे माहीत नाही, असं लिहा. दादाच्या मुलांना हे जास्त आवडेल असं मला वाटतं. मी त्या धाकटीला फोनवर सांगितलं तर तिने विचारलं, किती बैल? (वहीत नाही. हेळव्याला विचारीन म्हटलंय.) कल्याणच्या लग्नाचं सव्वा पान ठेवा, पण त्याच्याशी आपलं नातं रक्ताचं म्हणून सांगू नका. आजोबांची पोती लिहा. आणि प्रत्येक शाखेत मुली, सुना, त्यांची माहेरची नावं आणि त्यांची कामं भरा. पानं वाढतील, खर्च वाढेल, तो वाढीव खर्च मी देतो. घरटी ५००१ ठरलेत ते मी अजून भरलेले नाहीत, हे खजिनदारांना माहीत आहेच. ते आमच्या शाखेचं पान दुरुस्त होऊन आल्यावर भरीन.

पुढची बैठक गाळ्यावरच आहे, बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी, साडेदहाला. आत्याने येते म्हटलंय. तिला जिना चढवत नाही, तेव्हा माळ्यावर न बसता खाली पेढीवर बसू. तिच्या अकरा वर्षांच्या खतावण्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहेत, त्या मी खाली काढून पुसून ठेवल्यात. अक्षर तिचंच आहे, ज्यांना शंका असेल त्यांनी चष्मा घेऊन यावं.